सुस्वागतम्‌ची मोडलेली शिरोरेखा: तीन मॉनिटर, एक वॉलपेपर

"मी सुस्वागतम् लिहायला सांगिटलं होतं की. हे नुसतं स्वागत का दिसालंय?"

वहिनींनी हे विचारलं तेव्हा वॉलपेपर लावून दोन दिवस झाले होते. दोन दिवसांत स्टुडिओत आल्यागेल्या कित्येकांनी तो पाहिला, झकास झालंय म्हणून मान हलवली, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. कारण 'सुस्वागतम्' मधला पुढचा 'सु' आणि मागचा 'म्' गळला तरी उरतं ते 'स्वागत', आणि तोही धडधाकट शब्दच. एखादं अक्षर मधोमध चिरलं गेलं असतं तर पहिल्याच मिनिटाला बोंब झाली असती.

मी बेळगावात कॉम्प्युटर जुळवणीची आणि दुरुस्तीची कामं करतो. हा स्टुडिओ वडगावातला, अण्णा आणि वहिनींचा. लग्नाचे फोटो आणि अल्बम हे त्यांचं मुख्य काम, आणि गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं: येळ्ळूर, खानापूर, चंदगडकडून येणारं मराठी, बैलहोंगल, कित्तूर, सौंदत्तीकडून येणारं कन्नड. अल्बमची पानं निवडायला नवरानवरीची दोन्ही घरं सोफ्यावर बसतात आणि समोर टेबलावर तीन मॉनिटर. अण्णांच्या मनात असं होतं की काम सुरू व्हायच्या आधी त्या तिन्ही पडद्यांवर मिळून एकच चित्र दिसावं. डावीकडे राजहंसगड, पायथ्याला येळ्ळूरच्या शिवारातलं भात, वर पावसाळी आभाळ, मोठ्या अक्षरांत सुस्वागतम् आणि खाली लहान अक्षरांत तेच कन्नडमध्ये. खंडेनवमीला कॅमेऱ्यांची आणि कॉम्प्युटरची पूजा असते, गल्लीतली माणसं येतात. त्याच्या आत व्हायला हवं होतं. माझ्याकडे फोन आला तेव्हा हातात चार दिवस होते.

टेबलावर काय होतं

तीन मॉनिटर, तीन वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. डावीकडे २४ इंची, १९२० × १०८० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका). मध्ये २७ इंची, २५६० × १४४० चा, यावरच अण्णा फोटोंचं रंगकाम करतात. उजवीकडे जुना १९ इंची, जवळपास चौकोनी, १२८० × १०२४ चा. तो तेव्हा अजून जित्ता होता म्हणून टाकवत नव्हता. त्याच्यावर फोल्डर आणि व्हॉट्सअॅप उघडं असायचं. त्याला व्हीजीए (मॉनिटरची जुन्या पद्धतीची जोडणी) सोडून दुसरं तोंडच नव्हतं, त्यामुळे मध्ये एक कन्व्हर्टर लटकत होता. या कन्व्हर्टरकडे मी पहिल्या दिवशी दुर्लक्ष केलं, ते दुसऱ्या दिवशी महागात पडलं.

चित्र केलं होतं स्टुडिओत डिझाइन करणाऱ्या पोरानं. पोरगा हुशार. तीन मॉनिटरचा वॉलपेपर ५७६० × १०८० पिक्सेलचा करतात एवढं त्यानं कुठूनतरी बघून ठेवलं होतं आणि त्याबरहुकूम फाइल केली होती. विंडोजमध्ये पर्सनलायझेशन, बॅकग्राउंड, आणि चित्र कसं बसवायचं त्या यादीत 'स्पॅन', म्हणजे सगळ्या मॉनिटरवर मिळून एकच चित्र. इथपर्यंत सगळं बरोबर. (स्पॅन हा पर्याय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. त्याआधी विंडोज ७ वर 'टाइल' निवडून तेच काम साधावं लागायचं.)

५७६० चा चकवा

५७६० × १०८० हे माप तीन सारख्या फुल एचडी मॉनिटरचं. १९२० तिनदा घेतलं की ५७६० होतात. आता गंमत बघा: अण्णांच्या तीन वेगळ्या मॉनिटरची रुंदी मिळवली, १९२० अधिक २५६० अधिक १२८०, तर तीही नेमकी ५७६०! पोरानं बेरीज करून ताळा पाहिला, जुळला, आणि तो निर्धास्त झाला. ताळा जुळला नसता तर त्यालाच शंका आली असती.

चुकलं ते उंचीत. स्पॅन निवडलं की विंडोज सगळ्या मॉनिटरना कवेत घेणारा एक मोठा आयत धरतं. त्याची उंची सर्वांत उंच मॉनिटरइतकी तरी असतेच, म्हणजे इथं १४४०. चित्र १०८० उंचीचं. तो आयत पुरता भरावा म्हणून चित्र एक तृतीयांशानं मोठं झालं, ७६८० × १४४० चं, आणि रुंदीतले जास्तीचे १९२० पिक्सेल दोन्ही कडांना निम्मेनिम्मे बाहेर गेले. पोरानं अक्षरं कडेपासून कडेपर्यंत आडवी ताणलेली होती. (अक्षरं अशी ताणू नयेत, दांडे जाड होतात आणि शिरोरेखा बारीक राहते, हे मी त्याला सांगून बघितलं. फ्लेक्सवर सगळे तसंच करतात म्हणाला. ते खरंच आहे.) डाव्या कडेला सु होता, उजव्या कडेला म्. दोघंही गेले.

मी ५७६० × १४४० ची कोरी फाइल काढली, चित्र तीत बसवलं, पुन्हा लावलं. पंधरा मिनिटांत सु आला, म् आला. वहिनी म्हणाल्या, "आता बरं दिसालंय." मी बॅग आवरायला घेतली.

अण्णा खुर्चीवरून उठून सोफ्यावर जाऊन बसले. तिथून बघत राहिले. मग म्हणाले, "सर, ही वरची रेघ बघा की जरा."

पिक्सेल एक, मिलिमीटर तीन

शिरोरेखा तीन ठिकाणी तीन उंचीवर होती. डाव्या मॉनिटरवरून निघालेली रेघ मधल्यावर चांगली साडेपाच सेंटिमीटर वर चढत होती आणि उजवीकडे पुन्हा चार सेंटिमीटर खाली उतरत होती. आधीच्या कापलेल्या चित्रातही ती मोडलेली होतीच, पण मॉनिटर लहानमोठे आहेत, चालायचंच, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. फोटोवाल्याची नजर मात्र सोडत नाही.

इथं देवनागरी आपली परीक्षा घेते. खालच्या कन्नड ओळीत काहीच खटकत नव्हतं. कन्नड अक्षराला डोक्यावर तलकट्टू असतो, पण तो ज्याचा त्याचा. शेजारच्या अक्षराशी त्याची गाठ नाही. एक अक्षर बोटभर वर गेलं तरी डोळा ते चालवून घेतो. इंग्रजीचंही तसंच. मराठी शब्द मात्र एका दोरीवर वाळत घातलेला असतो. दोरी तुटली की लांबूनही दिसतं. डोंगर, ढग, भाताची खाचरं कितीही सरकली तरी कुणी तक्रार केली नसती. तक्रार फक्त त्या रेघेची होती.

कारण साधं आहे, पण एकदा मोजून बघितल्याशिवाय पटत नाही. कॉम्प्युटर मॉनिटरकडे पिक्सेल म्हणून बघतो. पिक्सेल केवढा आहे हे वॉलपेपर लावताना तो विचारत नाही. २४ इंची मॉनिटरचा एक पिक्सेल ०.२७७ मिमीचा, २७ इंचीचा ०.२३३ चा, जुन्या १९ इंचीचा ०.२९४ चा. म्हणजे चित्रात ६०० पिक्सेल उंच असलेलं अक्षर डावीकडे १६६ मिमीचं, मध्ये १४० चं आणि उजवीकडे १७६ चं दिसतं. मध्ये मोठा मॉनिटर, आणि अक्षर मात्र तिथंच सर्वांत बारकं!

डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे जे चौकोन दिसतात तेही याच हिशोबाचे. तिथं १९ इंची सर्वांत बुटका दिसतो, कारण १०२४ हा आकडा १०८० पेक्षा लहान. टेबलावर पट्टी लावली तर त्याचा उजळणारा भाग ३०१ मिमी उंच, २४ इंचीचा २९९. बुटका दिसणाराच दोन मिलिमीटरनं वरचढ. मधला चौकोन शेजारच्यापेक्षा एक तृतीयांशानं उंच दिसतो. खऱ्या उंचीत फरक आठव्या हिश्शाइतकाच, ३३६ ला २९९. चौकोनांवर विसंबून चित्र करणं म्हणजे नकाशा खोटा असताना रस्ता विचारण्यासारखं.

मी आधी सोपा उपाय करून पाहिला. ते चौकोन माउसनं वरखाली ओढून रेघ जुळवली. जुळलीही. पण मग अक्षरांचे पाय जुळेनात. एकाच दोरीवरचे तीन सदरे, तीन मापांचे. आणि माउस एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना कोपऱ्यात अडकायला लागला, कारण तेच चौकोन माउसचा रस्ताही ठरवतात. परत जागेवर नेले.

आणखी दोन वाटा होत्या. मधल्या मॉनिटरचं रिझोल्युशन १९२० × १०८० वर उतरवायचं, म्हणजे त्याचा पिक्सेल ०.३११ मिमीचा होऊन शेजाऱ्यांच्या जरा जवळ येतो. अण्णांनी ऐकूनच हात जोडले. रंगकामाचा पडदा वॉलपेपरसाठी धूसर करायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दुसरी वाट, तीन सारखे मॉनिटर घ्यायचे. खरं तर तोच सर्वांत स्वच्छ उपाय, आणि ग्राफिक्स कार्डांमधली सगळे पडदे जोडून एक करण्याची सोय, एनव्हिडियाचं सराउंड किंवा एएमडीचं आयफिनिटी, मुळात तशाच सारख्या पडद्यांसाठी आहे. पण लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर. त्याआधी खर्च नको, असं वहिनींनी मधूनच सांगून टाकलं.

मग राहिली पट्टी.

टेप आणि वही

शाळेतली स्टीलची पट्टी चालत नाही, ती ३० सेंटिमीटरलाच संपते. टेप लागतो. मापं घ्यायची ती फक्त उजळणाऱ्या भागाची, काळी चौकट सोडून. मॉनिटरच्या इंचांवर विश्वास ठेवायचा नाही: २४ म्हणून विकले जाणारे बरेच मॉनिटर खरं तर २३.८ इंची असतात आणि तेवढ्यानं रुंदीत ४ मिमीचा फरक पडतो. अण्णांचा जुना, पुरता २४ चा निघाला.

वहीत हे आकडे आले. डावा ५३१ मिमी रुंद, २९९ उंच. मधला ५९७ आणि ३३६. उजवा ३७६ आणि ३०१. टेबलापासून उजळणाऱ्या भागाच्या खालच्या कडेपर्यंत: डावा ११२, मधला ११८, उजवा १३१. डाव्याचा उजेड संपतो तिथून मधल्याचा सुरू होतो तिथपर्यंत, दोन्ही चौकटी आणि फट धरून, २६ मिमी. मधला ते उजवा ३० मिमी.

या दोन फटी फार महत्त्वाच्या. चित्र चौकटीशी थांबून पलीकडे लगेच पुढे सुरू झालं तर तिरप्या रेषा तुटतात. डोंगराची धार चौकटीशी पायरी घेते. चित्र चौकटीच्या मागून जातंय असं धरायचं, म्हणजे तेवढा भाग दिसणारच नाही, मुद्दाम वाया घालवायचा. खिडकीच्या गजांतून बाहेर बघतो तसं. गजामागचं दिसत नाही, पण झाड मोडलेलं वाटत नाही.

सगळं मिळून चित्राची खरी रुंदी १५६० मिमी झाली. उंची, सर्वांत खालच्या कडेपासून सर्वांत वरच्या कडेपर्यंत, ३४२ मिमी. आता ही मापं पिक्सेलमध्ये आणायला मधल्या मॉनिटरचा दर घेतला, कारण तो सर्वांत बारीक: २५६० भागिले ५९७, म्हणजे मिलिमीटरला ४.२८८ पिक्सेल. मूळ चित्र ठरलं साधारण ६६८९ × १४६७ चं.

त्यातून तीन तुकडे कापायचे. डावा तुकडा चित्राच्या डाव्या कडेपासून २२७७ पिक्सेल रुंद, वरून १८४ सोडून १२८२ उंच. कापल्यावर तो १९२० × १०८० वर आणायचा. मधला २३८८ व्या पिक्सेलपासून, २५६० × १४४०, त्याला हात लावायचा नाही. उजवा ५०७७ पासून १६१२ रुंद, वरून ९४ सोडून १२९१ उंच. तो १२८० × १०२४ वर आणायचा. दोन तुकड्यांच्या मधले १११ आणि १२९ पिक्सेल केरात. ते चौकटीमागे गेले.

पोराला हे पटायला वेळ लागला. "काका, कापून लहान केल्यावर परत तेवढंच कसं दिसणार?" मी त्याला एक आकडा करून दाखवला. शिरोरेखा टेबलापासून ३८० मिमीवर हवी असेल तर ती डाव्या पडद्यावर वरून ११२ व्या पिक्सेलवर, मधल्यावर ३१७ व्या आणि उजव्यावर १७७ व्या पिक्सेलवर पडते. तीन आकडे, एक रेघ. मग त्याचे डोळे चमकले, आणि पुढचं कापाकापीचं काम त्यानंच केलं. जिंप नावाच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं, फोटोशॉपमध्येही. आकडेमोड नको असेल तर सुपरपेपर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मॉनिटरची खरी मापं आणि फटी भरल्या की ते हा हिशोब आपणच करतं. आम्ही हातानं केलं ते रेघेसाठी. कुठलं अक्षर कुठल्या पडद्यावर पडेल हे आमच्या ताब्यात हवं होतं.

३८० चा आकडा कसा आला तेही सांगतो, कारण हा खटाटोप वाचवणारा मुद्दा आहे. अण्णा बाजूचे दोन्ही मॉनिटर कामाच्या सोयीसाठी जरा आत वळवून ठेवतात. वळवलेल्या पडद्यावरची आडवी रेघ बघणाऱ्याला तिरकी दिसते, वर असेल तर एका बाजूला कलते, खाली असेल तर दुसऱ्या. अपवाद एकच, डोळ्याच्या उंचीवरची रेघ. ती पडदा कितीही वळवा, सरळच दिसते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे टेबलाच्या वर साधारण ४० सेंटिमीटरवर येत होते. डावा मॉनिटर ४११ मिमीला संपतो. त्याच्यात राहून जितकं वर जाता येईल तितकं गेलो.

अक्षरं आधी, रेघ नंतर

नवीन चित्रासाठी फोटोही नवा लागला. पहिला फोटो २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा, ६००० × ४००० चा. आपल्या १५६० ला ३४२ या लांबट आकारात कापला की ४००० पैकी जेमतेम १३१५ ओळी उरतात आणि ६००० ची रुंदीही कमी पडते. हे अण्णांच्या हातातलं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ते येळ्ळूरकडे गेले, कॅमेरा उभा धरून, उजेडाचं आणि रंगाचं माप (एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स) बांधून ठेवून, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढेल असे फोटो घेतले आणि दहाला परत आले. ते जोडल्यावर रुंदी हवी त्याहून जास्तच मिळाली. आभाळ दाटून आलेलं होतं म्हणून अण्णा जरा नाराज. मला बरं वाटलं. निळंभोर सपाट आभाळ तीन वेगळ्या पडद्यांवर तीन निळे दाखवतं, आणि जुना १९ इंची तर मान वळवली तरी रंग बदलतो. ढगांत ते लपून जातं.

अक्षरांची वाटणी केली: सु डाव्या मॉनिटरच्या उजव्या टोकाला, 'स्वाग' मध्ये, 'तम्' उजवीकडे. चौकट पडते ती दोन अक्षरांच्या मधल्या जागेवर, अक्षरावर नाही. आधीच्या चित्रात ग चौकटीवर आला होता आणि त्याचा दांडा पलीकडच्या मॉनिटरवर एकटा उभा होता, वाचताना तो काना वाटायचा. आता डावीकडचे ३३ सेंटिमीटर गडासाठी मोकळे राहिले.

पण 'सु' आणि 'स्वा' यांच्यात २६ मिमीची फट पाडायची म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवावं लागतं, आणि देवनागरीत अंतर वाढवलं की बहुतेक फाँटमध्ये शिरोरेखाच तुटते. तेव्हा पोरानं सु, स्वाग, तम् हे तीन तुकडे वेगवेगळे टाइप करून जागेवर ठेवले आणि वरून शिरोरेखेच्या जाडीचा एकच लांब आयत ओढला. पहिलीत बाई शिकवतात तसं: आधी अक्षरं काढा, मग वर रेघ मारा.

व्हीजीएचा हिसका

खरं चित्र लावायच्या आधी मी तपासणीचं चित्र करायला लावलं. काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघा: एक आडवी, शिरोरेखेच्या जागी, आणि दोन तिरप्या, कोपऱ्यातून कोपऱ्यात. आडवी रेघ फक्त वरखालीची चूक दाखवते. बाजूला सरकलेलं असेल तर ती मुकाट राहते, कारण आडवी रेघ आडवी सरकली तरी तशीच दिसते. तिरपी रेघ दोन्ही चुका पकडते.

डावा आणि मधला एकदम जुळले. उजव्यावर आडवी रेघ बरोबर, तिरपी सुमारे ६ मिमी बाजूला. मी वहीतली मापं पुन्हा तपासली, टेप पुन्हा लावला, आकडे पुन्हा केले. अर्धा तास गेला. मग चहा आला, आणि चहा पिताना पडद्याच्या डाव्या कडेला एक उभी काळी पट्टी दिसली, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. काळ्या चित्रावर काळी पट्टी, दिसणार कशी?

व्हीजीए अॅनालॉग. चित्र नेमकं कुठून सुरू होतं हे मॉनिटर येणाऱ्या सिग्नलवरून अंदाजानं ठरवतो आणि तो अंदाज हलला की सगळं चित्र बाजूला सरकतं. इथं ते २० पिक्सेल सरकलं होतं. मॉनिटरवर 'ऑटो' नावाचं बटण असतं ते यासाठीच. दाबलं. सरकलं, पण भलतीकडे. कारण ऑटो काम करतं ते चित्राच्या उजळ कडा शोधून, आणि आमचं चित्र काळं, कडा सापडणार कुठल्या? पूर्ण पांढरं चित्र लावून बटण दाबल्यावर जागच्या जागी बसलं. पुन्हा तिरप्या रेघा लावल्या, जुळल्या. सोफ्यावर बसून अण्णांनी एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा.

लावणं

तीन तुकडे तीन मॉनिटरवर वेगवेगळे लावले. बॅकग्राउंडच्या पानावर अलीकडच्या चित्रांवर राइट क्लिक केलं की अमुक मॉनिटरसाठी लावा असा पर्याय येतो. मॉनिटरचा नंबर डिस्प्ले सेटिंगमधल्या 'आयडेंटिफाय' बटणानं बघून घ्यायचा. बसवण्याचा पर्याय 'फिल'. चित्र आणि पडद्याचं माप एकच असल्यानं त्याला काही ताणायचं वा कापायचं उरत नाही. तीनही तुकडे एका ५७६० × १४४० च्या फाइलमध्ये चिकटवून स्पॅननं लावता आले असते, पण मग कुणी सेटिंगमध्ये चौकोन जरा हलवला की रेघ गेली. स्टुडिओत पाच जणांचे हात त्या माउसवर असतात.

लावल्यावर ढगांत बारीक पट्टे दिसले आणि अक्षरांच्या कडेला थोडा गाळ. फाइल तर स्वच्छ होती. विंडोज वॉलपेपरची स्वतःची जेपीईजी प्रत करून ठेवतं आणि तिचा दर्जा १०० पैकी ८५ वर उतरवतं, त्याचा हा परिणाम. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) चालू यूजरच्या कंट्रोल पॅनेलखाली डेस्कटॉप आहे, तिथं 'जेपीईजी इम्पोर्ट क्वालिटी' या नावाची डीवर्ड किंमत, नाव इंग्रजीत सलग लिहून, दशमान १०० अशी टाकायची, लॉगआउट करून परत यायचं आणि चित्र नव्यानं लावायचं. जुनी प्रत आपोआप सुधारत नाही. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल त्यानं हे सोडून दिलं तरी बिघडत नाही. सोफ्यावरून फरक दिसत नव्हता. अण्णांना खुर्चीवरून दिसत होता.

मी त्यांना हेही म्हटलं की रंगकाम करणाऱ्या माणसानं खरं तर मधल्या पडद्यावर सपाट करडा रंग ठेवावा, भडक वॉलपेपरनं नजर फसते. "काम सुरू केलं की सॉफ्टवेअर सगळा पडदा भरतंय की," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. बरोबरच होतं.

खंडेनवमीला मी गेलो तेव्हा वहिनींनी झेंडूच्या माळा सोडलेल्या होत्या, दोन्ही सांध्यांवर, वरपासून खालपर्यंत. ज्या २६ आणि ३० मिमीसाठी आम्ही दोन दिवस घालवले त्या फटी फुलांच्या आड. "मधे काळं काळं बरं दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. पोरगा माझ्याकडे बघून हसला.

नंतरच्या दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या. एकदा रात्री करंट जाऊन आला. यूपीएसवर फक्त सीपीयू आणि मधला मॉनिटर, त्यामुळे बाजूचे दोघं मागाहून जागे झाले आणि डाव्यावर मधल्याचा तुकडा आला, 'स्वाग' दोनदा. फाइलींना पोरानं 'डावा', 'मधला', 'उजवा' अशी नावं दिली होती म्हणून त्याला फोनवर सांगून दोन मिनिटांत काम झालं. दुसरी गोष्ट मापांची. टेबल पुसताना मॉनिटर हलतात. टेबलावर स्टँडच्या पायांभोवती पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत आणि सगळे आकडे एका कागदावर लिहून तो मधल्या मॉनिटरच्या पाठीला चिकटवला आहे.

परवा अण्णांचा फोन आला. उजवा १९ इंची अखेर गेला, नवीन २४ घेतलाय, येऊन लावून द्या. माझ्या आधी मागून पोराचा आवाज आला, "काका, टेप आणू नका, मी मोजलंय. ५२७ भरालाय."